अव्वाला कुणी विचारलंच नाही

"सेनाईल डिमेन्शिया," डॉक्टर म्हणाले. म्हणजे म्हातारपणी मेंदू झिजत जाणं. आधी आठवण जाते, मग माणसांची ओळख, मग रोजचे व्यवहार. सासूबाई माझ्या शेजारीच स्टुलावर बसल्या होत्या. डॉक्टर मात्र माझ्या नवऱ्याकडे बघून बोलत होते.

सासूबाईंना आम्ही अव्वा म्हणतो. शेंगाचटणीत दोनदा मीठ पडायला लागलं, तेव्हा आम्ही हसण्यावारी नेलं होतं. मग एकदा मंगळवार बाजारात ती टांग्यात बसली आणि माहेरच्या गावाला चल म्हणाली. टांगेवाला भला माणूस, पत्ता काढत घरी घेऊन आला. तेव्हा आम्ही सोलापुरातल्याच एका मोठ्या दवाखान्यात गेलो.

डॉक्टरांनी धीर दिला. नवीन औषध आलंय, त्याची ट्रायल चालू आहे, अव्वाला त्यात घेतो म्हणाले. ट्रायल म्हणजे औषध लागू पडतं का ते बघणं, एवढंच आम्हाला समजलं. घरी येताना नवरा कितीतरी दिवसांनी मोकळेपणाने बोलला.

दर पंधरवड्याला तपासणी असायची. लाकडी बाकावर सकाळभर बसायचं. आत गेल्यावर वार विचारायचे, शंभरातून सात वजा करायला सांगायचे. "मी शाळेत न्हाय गेले, बाबा," अव्वा सांगायची. ते तेही लिहून घ्यायचे.

अव्वाचं डोकं तेव्हा अधूनमधून अगदी लख्ख असायचं. अशा वेळी ती एकच मागायची. "मला केमला न्हे. तंगीला डोळं भरून बगते, मग सगळं इसरलं तरी चालंल." तंगी म्हणजे कानडीत धाकटी बहीण. ती केम गावाला दिलेली. गुडघ्यांनी अधू झाल्यामुळे तिला सोलापूरला येणं जमत नव्हतं.

केमला नेऊ का, असं आम्ही डॉक्टरांना विचारलं. कोर्स पुरा होईपर्यंत गाव सोडायचं नाही, एकही तपासणी चुकवायची नाही, नाहीतर सगळं वाया जाईल, असं त्यांनी सांगितलं. पुढच्या खेपेला परत विचारलं, तरी तेच. मग मी अव्वाला समजवायचे की औषध संपलं की लगेच जाऊ. ती मान डोलवायची आणि गोळी घ्यायची.

आम्हाला फरकही दिसत होता. एका संध्याकाळी तिने आपणहून देवापाशी दिवा लावला, तर घरात सण असल्यासारखं वाटलं. पण उन्हाळा आला तोवर ती मुलाला भाऊ समजायला लागली होती.

ट्रायल संपली. नवऱ्याने विनवलं, की गोळ्या चालूच ठेवता येतील का. डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं, "त्यांच्या गोळीत औषध नव्हतं. तुलनेसाठी काही रोग्यांना तशीच दिसणारी साधी गोळी देतात. प्लासिबो म्हणतात तिला. कुणाला कुठली मिळतेय हे मलाही आत्ताच कळलं."

मी विचारलं, अशी गोळी मिळू शकते हे आधी का नाही सांगितलं.

"सांगितलं असतं तर तुम्ही ती दिली असती?"

"ते आम्ही ठरवलं असतं. निदान केमला तरी जाऊन आलो असतो."

"केमला कशाला?" डॉक्टर म्हणाले.

त्याच आठवड्यात आम्ही अव्वाला केमला नेलं. तंगीने बसल्या जागेवरून हात पसरले. अव्वा उंबऱ्यातच थांबली आणि मला हळूच म्हणाली, "कुणाच्या घरी आनलंस गं?" तंगीने तिला कानडीत लहानपणीच्या नावाने हाका मारल्या. अव्वा पाहुण्यासारखी अवघडून बसली, पाणी प्यायली आणि निघायची घाई करू लागली. निघताना तंगीने मला एवढंच विचारलं, "थोडं आदी का न्हाय आनलं?" डॉक्टरांनी अडवलं होतं, असं मी सांगितलं. त्यापुढचं सांगवेना.

संशोधन नको, असं मी म्हणत नाही. कुणावर तरी तपासल्याशिवाय औषध सापडायचं नाही. आधी विचारलं असतं तर कदाचित अव्वासुद्धा हो म्हणाली असती; तिने जन्मात कुणाला नाही म्हटलेलं नव्हतं. पण विचारायला हवं होतं, आणि तिला विचारायला हवं होतं. तुमच्या घरी हे दुखणं आलं, तर नव्या औषधाचं नाव निघताच विचारा, हा उपचार आहे की प्रयोग. आणि तुमचं माणूस जे मागतंय, ते आज द्या.

आता गोळ्या नाहीत. संध्याकाळ झाली की अव्वा पदर सावरून "घरी जाते" म्हणते. हेच घर आहे, असं सुरुवातीला मी पटवत बसायचे आणि ती रडायची. आता मी चपला घालते, तिचा हात धरते आणि आम्ही निघतो. गल्लीच्या टोकाला पिंपळाचा पार आहे, तिथे जरा टेकतो आणि त्याच वाटेने परत येतो. दारात आलं की ती माझा हात सोडते.

"आलं बग घर," म्हणते. "आता तू जा की. तुजी मानसं वाट बगत असतील."