साडेबारा फेऱ्या

माझी नणंद माझ्यापेक्षा जोरात चालते, हे मी खेळाच्या सरांजवळ बोलून गेले नसते, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

मी जव्हारच्या एका शाळेत शिकवते. पंचेचाळिशी ओलांडली तसे गुडघे कुरकुरायला लागले, म्हणून सकाळी शिरपामाळच्या रस्त्याने चालायला जाऊ लागले. आमच्या शाळेतल्या खेळाच्या सरांनी मला एकदोनदा पाहिलं असावं. एके दिवशी मधल्या सुट्टीत त्यांनी मोबाईलच माझ्यापुढे धरला. पस्तिशीच्या पुढच्या माणसांसाठी अनेक खेळांची मोठी स्पर्धा भरणार होती. देशोदेशींची माणसं येणार होती आणि तीही आपल्याच देशात, रेल्वेने एक रात्र आणि अर्धा दिवस लागेल अशा शहरात. खेळांच्या यादीत पाच किलोमीटर चालण्याची शर्यतही होती.

"मॅडम, फॉर्म भरा. निवडबिवड काही नाही. वय लागतं आणि हिंमत लागते."

"मग माझ्या नणंदेचाही भरा," मी गमतीने म्हटलं. "दिवाळीत तिच्याबरोबर खोडाळ्याच्या बाजाराला चालत गेले होते. तिच्या डोक्यावर नागलीचं गाठोडं, माझ्या पायांत नवे बूट, आणि तरी ती पुढच्या वळणावर उभी राहून माझी वाट बघायची."

सर हसले नाहीत. त्यांनी तिचं आधार कार्ड मागवून घेतलं.

नणंद खोडाळ्याजवळच्या पाड्यावर राहते. भात आणि नागली, म्हणजे नाचणी, पिकवते. शेतीची कामं आटोपली की पूर्वी ठाण्याकडे बांधकामावर जायची. वय छप्पन्न. तिला सगळं समजावून सांगितलं तेव्हा ती चुलीपुढे बसली होती.

"नुसतं चालायचं? आन पोचायचं कुठं?"

"कुठंच नाही, ताई. मैदानाला गोल गोल. साडेबारा फेऱ्या."

ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "ओझं नाय, बाजार नाय, आन गोल गोल! बरं, येते बाय. शहर तरी बघू."

पुढचे तीन महिने सरांनी आम्हाला दर रविवारी शाळेच्या मैदानावर चालायला लावलं. या शर्यतीत कायम एक पाय जमिनीला टेकलेला असावा लागतो आणि पुढचा पाय टेकताना गुडघा सरळ ठेवावा लागतो. चुकलं की पंच लाल कार्ड लिहितात. तीन पंचांची तीन कार्डं झाली की बाहेर. मी हे नियम वहीत उतरवून पाठ केले. नणंदेने एकदाच ऐकले. सर तिच्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "ताई, तुम्हाला काही शिकवायचं नाही. फक्त पळू नका."

त्या शहरात उतरलो तेव्हा स्टेशनपासूनच झेंडे लागलेले होते. पुलांच्या भिंती रंगवल्या होत्या. चौकाचौकांत धावणाऱ्या, उड्या मारणाऱ्या माणसांची चित्रं होती, आणि त्या चित्रांतल्या माणसांचे केस पिकलेले होते! मी पिशवी छातीशी घट्ट धरली. नणंद मात्र रमली. माझं हिंदी पुस्तकी, तिचं बांधकामावरचं. तिने तिथल्या स्वयंसेवकांना "भैया, इधर किधर जाने का?" असं विचारत आमची कार्डं मिळवली. फोटो आणि देशाचं नाव छापलेलं ते कार्ड गळ्यात घातल्यावर बसमधले लोक आम्हाला जागा देऊ लागले. एकाने तर आमच्यासोबत फोटो काढून घेतला. नणंद ताठ बसून हसली, जणू रोजचंच काम.

स्टेडियमच्या बोगद्यातून आत शिरताना ती थांबली आणि खांबावरून हात फिरवला.

"ठाण्याला असल्या खांबांसाठी किती घमेली वाहिली. पण बांधून झाल्यावर आत कोणी घेतलं नाय."

मग तिनेच माझा हात ओढला. "चल गं, लवकर. आज घेतलंय ना!"

शर्यत सकाळी होती. सगळ्या वयोगटांतल्या बायका एकदमच सुटणार होत्या. सुरुवातीच्या रेषेपाशी नणंदेने बूट काढून कडेला ठेवले. सरांनी दिलेल्या त्या बुटांनी तिच्या टाचांना फोड आले होते. एक अधिकारी धावत आला. मग दुसरा आला. दोघांनी मोबाईलवर नियम वाचले. अनवाणी चालायला हरकत नाही, असं ठरलं. शेजारी उभ्या असलेल्या एका उंच, पांढऱ्या केसांच्या परदेशी बाईने तिच्या पायांकडे बघून अंगठा वर केला. नणंदेनेही केला.

बंदुकीचा आवाज झाला आणि मी सुटलेच.

इतकी माणसं ओरडताना मी आयुष्यात ऐकली नव्हती. मला वाटलं, सगळी माझ्यासाठीच ओरडताहेत. पहिल्या चार फेऱ्या मी नणंदेच्या पुढे होते. पुढे! पाचव्या फेरीत एका पंचाने ताकीद म्हणून पिवळी पाटी दाखवली. मी ऐकतेय कुठली! लाल कार्डं नोंदवायच्या फळ्यावर माझ्या नंबरापुढे एक लाल ठिपका लागला, दोन फेऱ्यांनी दुसरा. हळू हो, हळू हो, असं मी स्वतःला सांगत होते आणि पाय ऐकत नव्हते. अकराव्या फेरीत एक गंभीर चेहऱ्याची बाई माझ्यापुढे आली आणि तिने लाल पाटी वर केली. माझे दोन्ही पाय जमिनीवरून सुटत होते म्हणे.

तीन महिने पाठ केलेले नियम, आणि मीच बाहेर. कठड्याला टेकून रडावं असं वाटत होतं. पण तेवढ्यात नणंद समोरून गेली. मान ताठ, डोक्यावर हंडा असल्यासारखी. फळ्यावर तिच्यापुढे एकही ठिपका नव्हता. जाता जाता ती ओरडली, "किती झाल्या गं?"

ती फेऱ्या विसरली होती!

रडणं तिथेच राहिलं. मी कठड्याच्या बाजूने पळत सुटले. "दहा! ताई, दहा झाल्या!" पुढच्या वेळी, "अकरा!" ती परदेशी बाई तिच्याच गटातली होती आणि आता बरोबरीने चालत होती. नणंद तिच्याकडे बघायची, ती नणंदेकडे. कोणी पुढे जाईना, कोणी मागे राहीना. शेवटच्या फेरीत मी ओरडले, "आता जा! आता पुढे जा!" माझ्यामागच्या रांगांतली परदेशी माणसंही मराठीतच "जा, जा" ओरडायला लागली. त्यांना अर्थ कळला असेल असं नाही.

नणंद दोन पावलं मागे राहिली. त्या गटात पहिला नंबर एका दिल्लीच्या बाईंचा आला, दुसरा त्या परदेशी बाईचा, तिसरा आमचा. रेषा ओलांडल्यावरही नणंद चालतच राहिली, तेव्हा त्या बाईनेच तिला मिठी मारून थांबवलं.

"दोन पावलं, ताई! दोनच पावलं कमी पडली," मी म्हणाले.

"तिचे पाय केवढे लांब बघितलेस ना?" असं म्हणून तिने घाम पुसला. मग माझ्या डोळ्यांत बघून हळूच विचारलं, "तुला का काढली गं?"

"पळाले म्हणून."

"सरांनी सांगितलं होतं की." आणि आम्ही दोघी त्या लाल मैदानावर बसून एकमेकींना धरून हसलो.

पदक गळ्यात पडलं तेव्हा तिने ते उलटसुलट करून पाहिलं आणि पदराखाली ठेवलं. आमची परतीची गाडी दोन दिवसांनी होती. मी म्हटलं, शहर बघू. ती म्हणाली, "हेच बघायचं." दुसऱ्या दिवशी सकाळपासून आम्ही कठड्याजवळच्या जागा धरून बसलो. ऐंशीच्या पुढचे एक आजोबा उंच उडीसाठी दांड्याकडे बघत उभे होते. ते कोणत्या देशाचे, आम्हाला माहीत नव्हतं. नणंद उठून उभी राहिली, दोन बोटं तोंडात घातली आणि अशी शिटी मारली की सगळं स्टेडियम आमच्याकडे वळलं. आजोबांनी हात हलवला आणि धावायला सुरुवात केली. आम्ही दोघी घसा फाटेपर्यंत ओरडत होतो.