कोतोच्या हॉलमध्ये बाबांचा बेंजो

मी जपानला निघाले त्या दिवशी बाबा भांडुपच्या एका हळदीतून थेट एअरपोर्टवर आले. अंगात बेंजो पार्टीचा चमकीचा कोट, कपाळावर हळद. "लोक बघतायत, बाबा," मी म्हटलं. "बघू देत की! बेंजोवाल्याची पोरगी चाललीय," म्हणाले आणि तोंड फिरवलं. रडताना दिसायचं नव्हतं त्यांना.

नवऱ्याची टोकियोतल्या तोयोसूत आयटीची नोकरी, म्हणून आम्ही तिथल्याच कोतो भागात. ट्रेन, कोनबिनी म्हणजे कोपऱ्यावरची चोवीस तासांची दुकानं, कचरा वेगळा करायचे वार, सगळं शिकले. मी मजेत आहे असं तिकडे भांडुपला तुम्हा सगळ्यांना वाटायचं, आणि मीही वाटू दिलं. त्याच काळात तिकडे डीजे आले, बाबांची पार्टी बसली. ज्याच्या बोटांवर अख्ख्या वराती नाचल्या तो माणूस दिवसभर टीव्हीसमोर! आई गेल्यावर मी त्यांना हट्टानं बोलावून घेतलं. बेंजो घेऊनच आले. पण अपार्टमेंटमध्ये वाजवणार कसा? शेजारी लगेच तक्रार करतात.

जवळच्या हॉलमध्ये काही आज्या तसंच वाद्य वाजवायच्या. तशीच बटणं, तशाच तारा. नाव तेवढं ताइशोगोतो. एक दिवस मी बाबांना बेंजोसकट तिथे घेऊन गेले. बाबा हरखले. "अगं, हा तर आपलाच!" त्यांच्यातल्या मोरिता-साननी, म्हणजे मोरिताबाईंनी, त्यांना वाजवायला सांगितलं. बाबांनी बेंजो गळ्यात अडकवला आणि हळदीसाठी स्वतः बसवलेली चाल धरली. काय वाजवलं हो त्या दिवशी! माझ्या अंगावर काटा आला. बायका मात्र मांडीवर हात ठेवून, मान खाली घालून गप्प. इथे मन लावून ऐकायची हीच रीत. बाबांचा हात मध्येच थांबला.

"एकीचाही पाय हलला नाही," ते घरी येताना म्हणाले. मी परोपरीनं समजावलं. "बरं," म्हणाले. पोरगी समजूत घालतेय, असंच त्यांना वाटलं. भांडुपला परत गेल्यावर जुने दोस्त बोलवायला यायचे, पण त्यांनी बेंजोला हात लावला नाही. मी दर फोनवर सांगायचे, बाबा, खरंच आवडलं होतं त्यांना. पुढच्या हिवाळ्यात बाबा गेले.

मोरिता-सानना मी हॉलच्या दारातच सांगितलं. त्यांनी हात जोडले आणि ती चाल गुणगुणली, बाबा थांबले होते तिथपर्यंत. एक सूर चुकला नाही. मग हळूच विचारलं, "पुढे कशी होती?"

मला येते पुढची चाल. पण तेव्हा "नंतर," एवढंच म्हणाले. बाबांची भांडुपची खोली आता भाड्यानं दिलीय. माझं घर म्हणाल तर आता ती उरलेली चाल, आणि ती ऐकायला इथे कुणीतरी थांबलंय हे बाबांना कळलंच नाही.