खोलीची किल्ली आणि लिनक्सचं वायफाय

लेथ मशीनखाली लोखंडाचा कीस साठतो. संध्याकाळी झाडून काढला तरी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पुन्हा ढीग तयार. आमच्या कट्ट्यावरच्या गोष्टींचं तसंच आहे. मुद्दाम कुणी करत नाही. काम चालू असलं की पडत राहतात.

मी महाप्याला एका कारखान्यात चौतीस वर्षं फिटर होतो. शाळा चौथीपर्यंत. मला सगळे मिस्त्री म्हणतात. बोनकोड्यात आम्हा ज्येष्ठांची एक खोली आहे. वर्तमानपत्रं, कॅरम, दोन पंखे. त्या खोलीची किल्ली अकरा वर्षं माझ्या कमरेला आहे. सकाळी सातला दार उघडतो. एक दिवस चुकलेला नाही.

यंदा गणपती झाल्यावर ऐरोलीच्या एका कंपनीने खोलीला जुना लॅपटॉप दिला. अट एकच. दिवाळीच्या आधीच्या रविवारी त्यांची माणसं बघायला येणार. खोलीच्या वायफायवर इंटरनेट चालू असेल आणि आम्ही वापरत असू, तर लॅपटॉप आमचा. नाहीतर तो दुसऱ्या संस्थेला जाणार.

सगळे म्हणाले, एखादा माहीतगार माणूस बोलवू.

मी म्हणालो, "मशीन आहे. मशीन हे माझं काम आहे. त्या रविवारी चालू नसेल तर ही किल्ली दुसऱ्याच्या कमरेला लावा."

राणे लगेच म्हणाले, "हे मिनिट्समध्ये लिहून घेऊ का?"

"लिहा."

राणे म्हणजे सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले हेडक्लार्क. मूळचे मालवणकडचे. त्यांनी खरंच लिहून घेतलं.

*

माहीतगार माणूस तरी एक लागलाच. आमच्या कट्ट्यावरच्या बाळारामचा जावई निखिल ऐरोलीला सॉफ्टवेअरमध्ये आहे. बाळाराम इथल्याच गावचा. पूर्वी भातशेती होती, आता चार मजली बिल्डिंग आहे आणि गच्चीवर मोबाइलचा टॉवर आहे. निखिल म्हणाला, जुन्या मशीनला लिनक्स बरं, हलकं चालतं. मी म्हणालो, घाल. पण मी शेजारी बसणार, तू काय करतोस ते बघणार.

तासाभरात पडद्यावर एक काळा-पांढरा पक्षी आला.

बाळाराम पुढे वाकला. "ह्यो बदक कोनी बसवला?"

"पेंग्विन आहे, बाबा. लिनक्सची खूण. बर्फातला पक्षी."

निखिलने वायफाय शोधलं. मिळेना. पुन्हा शोधलं. मिळेना.

बाळाराम म्हणाला, "बर्फातला पक्षी ऑक्टोबरच्या गरमीत कसा काम करंल? त्याला पंख्याखाली तरी ठेव."

लॅपटॉप पंख्याखाली ठेवला. जावई काय बोलणार?

*

दोष निखिलला लवकर सापडला. वायफायच्या चिपला एक फाइल लागते, ती लिनक्सबरोबर आलेली नव्हती.

"मग आण," मी म्हणालो.

"इंटरनेटवरून घ्यावी लागेल, काका."

"घे."

"इंटरनेट वायफायवरून येणार. आणि वायफाय ती फाइल टाकल्यावर चालू होणार."

आमच्या कारखान्यात एका नव्या साहेबाने टूलरूमची किल्ली आत टेबलावर ठेवून दार ओढून घेतलं होतं. मी निखिलला ते सांगितलं.

"मग काय केलं साहेबांनी?"

"टाय काढला आणि खिडकीतून आत गेले."

निखिलने खिशातून फोन काढला, चार्जिंगच्या वायरने लॅपटॉपला जोडला आणि फोनचं नेट लॅपटॉपला दिलं. फाइल पाच मिनिटांत आली.

"खिडकी सापडली, काका."

पोरगा कामाचा आहे. मी तोंडावर सांगितलं नाही.

*

फाइल बसवताना मशीनने पासवर्ड मागितला. पासवर्ड राणेंनी ठरवलेला. तो त्यांनी कुणाला सांगितला नव्हता, म्हणून तेच टाइप करायला बसले. एका बोटाने, चष्मा कपाळावर नेऊन.

बराच वेळ झाला. पडद्यावर काहीच नाही. अक्षर नाही, ठिपका नाही.

"काका, झाला का टाकून?"

"चौथ्यांदा टाकतोय. उमटतच नाही."

"लिनक्समध्ये तो उमटत नाही. तसाच टाकायचा आणि एंटर मारायचा."

राणेंनी हात मागे घेतला. "उमटत नाही? मग मी टाकला याला पुरावा काय?"

"मशीनला कळतं."

"उद्या मशीन नाही म्हणालं तर?"

बत्तीस वर्षं पोच घेतल्याशिवाय कागद न सोडलेला माणूस. शेवटी राणेंनी पासवर्ड टाकला, एंटर मारला आणि निखिलकडून वहीत सही घेतली. मगच उठले.

*

वायफाय लागलं. पण लॅपटॉप लोखंडी कपाटाला टेकवून ठेवला तरच. दोन हात लांब नेला की गेलं.

निखिलने विचारलं, "राउटर कुठं आहे?"

"सुरक्षित आहे," राणे म्हणाले.

"पण कुठं?"

राणेंनी जानव्याला बांधलेली किल्ली काढली, कपाट उघडलं, आतला खण उघडला. राउटर तिथे होता. कापडात गुंडाळलेला. वायरसाठी कपाटाला मागून भोक पाडलेलं. भोक मीच पाडलं होतं, ते कबूल करतो. कशासाठी ते राणेंनी सांगितलं नव्हतं.

"काका, याला मोकळ्या हवेत ठेवतात."

"खोलीच्या सामानाच्या डेडस्टॉक रजिस्टरला नोंद आहे याची. उघड्यावर ठेवून गेला तर जबाबदार कोण?"

राउटर बाहेर भिंतीवर आला. नेट सगळ्या खोलीत आलं. राणे मात्र घरी जाताना रोज त्याच्याकडे एकदा बघून जातात.

*

तो पहिला दिवस मजेत गेला. राणेंनी मालवणचं हवामान बघितलं आणि पाऊस पडत नाही म्हणून समाधान मानलं. मी लेथचा व्हिडिओ लावला. एक जर्मन माणूस चुकीचा टूल लावून कापत होता. मी त्याला दोनदा सांगितलं.

बाळाराम म्हणाला, "माजी बिल्डिंग दिसंल का वरून?"

निखिलने नकाशा उघडला. वरून घेतलेला फोटो. टॉवर, गच्ची, पाण्याची टाकी. बाळाराम बघतच राहिला. मग त्याने फोन काढून घरी लावला.

"अगो, टाकीचा झाकन उघडा हाय. लाव."

निखिल हसायला लागला. "बाबा, हा फोटो वर्ष-दोन वर्षांपूर्वीचा असतो. आत्ताचा नाही."

तेवढ्यात फोनवरून बाळारामच्या बायकोचा आवाज आला. "हो, उघडाच हाय. लावलां."

बाळारामने जावयाकडे फक्त बघितलं.

*

चार दिवसांनी खंडेनवमी आली.

मशीनची पूजा मी करतो. कारखान्यातही मीच करायचो. त्याची एक रीत आहे. त्या दिवशी मशीन पूर्ण बंद. नुसतं थांबवलेलं नाही. मेन स्विच खाली, आणि मशीनवर जेवढी बटणं आहेत तेवढी एकेक करून बंद. मग पुसायचं, हळदकुंकू लावायचं, झेंडूचं फूल ठेवायचं. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला नारळ फोडून चालू करायचं. चौतीस वर्षांत माझ्या मशीनवर कुणाचं बोट तुटलं नाही.

लॅपटॉपची पूजाही तशीच केली. बाळाराम शेजारी ताट धरून उभा होता.

दसऱ्याला नारळ फोडला. लॅपटॉप चालू झाला. वायफाय नाही.

*

निखिल दसऱ्यालाच कंपनीच्या कामासाठी हैदराबादला गेला होता, महिन्यासाठी. आम्ही तिघे आणि ते मशीन उरलो. रविवारला सतरा दिवस होते.

राणे म्हणाले, कुंकू आत गेलं असेल. मी ब्रशने कळफलक साफ केला. नाही. राउटर बंद करून चालू केला. नाही. माझ्या मोबाइलवर खोलीचं वायफाय व्यवस्थित चालत होतं, म्हणजे दोष लॅपटॉपचा.

राणे म्हणाले, "त्या दिवशीसारखा फोन वायरने जोडू. येणाऱ्यांना काय कळतंय?"

"अट वायफायची आहे. आणि शेजारच्या मशीनवरून वीज ओढून मी कधी लेथ चालवलेलं नाही."

घरी आमच्या मंडळींनी ताट वाढता वाढता विचारलं, "लागलं का?"

"नाही."

"एवढाली मशीनं चालवली म्हणता, आणि एवढीशी पाटी ऐकत नाही?"

मी दुसरी भाकरी घेतली नाही.

*

बाळारामने आपल्या परीने उपाय केला. एक दिवस मला न विचारता लॅपटॉप उचलला आणि चार जिने चढून स्वतःच्या गच्चीवर गेला. टॉवरखाली लॅपटॉप उघडून दोन्ही हातांनी वर धरून उभा राहिला.

मी मागून पोचलो. "काय करतोयस?"

"सगल्या बोनकोड्याला हतूनच जातंय ना? मंग हतं तरी घावंल."

"तो मोबाइलचा टॉवर. याला वायफाय लागतं."

त्याने लॅपटॉप खाली घेतला. टॉवरकडे बघत म्हणाला, "जागा माजी, जिना माजा, आनि मनाच नाय?"

*

मग फोनवर निखिलला धरलं. तो तिकडून सांगणार, राणे इकडे टाइप करणार. निखिलने एक शब्द अक्षर-अक्षर सांगितला. राणेंनी टाइप केला, एंटर मारला.

"काका, आता तिथे ब्लॉक्ड असं लिहून आलंय का?"

"आलंय."

"त्याच्यापुढे काय आहे? येस की नो?"

राणेंनी चष्मा लावला, वाचलं, ठणकावून सांगितलं. "नो."

"नक्की?"

"लेखी आहे. नो."

"मग तो प्रश्नच नाही," निखिल म्हणाला, आणि पुढचे आठ दिवस दुसरंच काहीतरी करायला लावत राहिला.

रीतीप्रमाणे राणेंनी पडद्यावरचा मजकूर वहीत उतरवून ठेवला होता. मी तो सगळं होऊन गेल्यावर बघितला. ब्लॉक्ड दोनदा होतं, एकाखाली एक. पहिल्यापुढे नो. दुसऱ्यापुढे येस. मला इंग्रजी येत नाही, पण येस ओळखतो.

मी विचारलं, "खालची ओळ का नाही सांगितली?"

राणे म्हणाले, "आमच्याकडे पहिल्या ओळीवर शेरा मारायचा आणि कागद पुढे. खालचं पुढच्या टेबलाने बघायचं."

*

रविवार उजाडला. कंपनीची माणसं अकराला येणार होती. मी सातला दार उघडलं. एकटाच होतो. किल्ली कमरेची काढून टेबलावर ठेवली. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

हार मानली तरी मशीन घाणेरडं द्यायचं नाही. ओलं फडकं घेतलं आणि लॅपटॉप पुसायला लागलो. पुढच्या कडेला, हात टेकतात तिथे खाली, वाळलेल्या हळदीकुंकवाचा थर होता. तो निघाला. खाली एक बटण होतं. नखाएवढं, सरकवायचं.

मी ते ओळखलं. माझ्याच बोटाने ते मागे गेलं होतं. मेन स्विच खाली, सगळी बटणं बंद. दसऱ्याला मोठं बटण दाबलं, हे राहिलं.

पुढे सरकवलं. शेजारी एक पांढरा दिवा लागला. पक्ष्याच्या पडद्यावर कोपऱ्यात वायफाय आलं.

मी किल्ली पुन्हा कमरेला लावली.

अकराला दोन मुली आणि एक साहेब आले. राणे मालवणचं हवामान बघत होते. बाळाराम टाकीचं झाकण बघायला नंबर लावून बसला होता. साहेब खूश झाले. "कुणी केलं हे सगळं?"

"मिस्त्रींनी," राणे म्हणाले. "शब्द दिला होता. मिनिट्समध्ये आहे."

टाळ्या वाजल्या. फोटो काढला. मी मधे उभा होतो. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

माणसं गेली. राणे जेवायला गेले. मी दाराला कुलूप घालत होतो. बाळाराम पायरीवर चपला घालत रेंगाळला.

"मिस्त्री, त्यो बारका बटन. म्होरचा."

"कुठलं?"

"पूजेच्या दिशी तू मागं सरकवलास त्यो."

माझा हात कुलपावरच राहिला. "तू बघितलंस?"

"बघितला ना. ताट धरून बाजूलाच उबा व्हतो."

"मग सतरा दिवस तोंडात काय धरलं होतंस? चार जिने चढलास, टॉवरखाली उभा राहिलास, आणि हे सांगितलं नाहीस?"

बाळाराम शांतपणे म्हणाला, "मना वाटला, त्यो पूजेचाच भाग हाय."

मी कुलूप लावलं. किल्ली कमरेची सोडली आणि त्याच्यापुढे धरली. चालू वेळेवर झालं खरं, पण बंद माझ्याच बोटाने झालं होतं; शब्द तो शब्द.

बाळारामने किल्ली हातात घेतली. उलटसुलट करून बघितली. मग स्वतःच माझ्या कमरेच्या दोऱ्याला पुन्हा अडकवली.

"किल्ली ऱ्हाऊंदे तुज्याकडं," तो म्हणाला. "पन पुढच्या खंडेनवमीला पूजा मी करनार."