साडूंचं खानदानी मीठ

आमच्या मोठ्या साडूंना उभ्या आयुष्यात आजार असा कधी झालाच नाही. जे काही झालं ते त्यांना वारसाहक्काने मिळालं, आणि वारसाहक्काने मिळालेल्या वस्तूला मलम लावायचं नसतं, अशी त्यांची पक्की समजूत होती. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मी अंबरनाथ पश्चिमेला दोन खोल्यांत राहतो, ते बदलापूरला कात्रपमध्ये स्वतःच्या बंगल्यात. मला शिंक आली तरी मी डॉक्टरकडे नंबर लावून बसतो. हे गृहस्थ अंगावर पांढरे पापुद्रे मिरवत लग्नकार्यात पहिल्या रांगेत बसणार. "तुम्हा दोघा साडूंना एकत्र केलं ना, तर मिळून एक धड माणूस होईल," असं माझी बायको म्हणते. या मिश्रणात भेसळीचा माल माझ्याकडचा असतो हे मला तिच्या आवाजावरून कळतं. पण आज विषय माझा नाही.

साडूंच्या दोन्ही कोपरांवर आणि दोन्ही गुडघ्यांवर लालसर, जाड चट्टे होते. कडा अशा रेखीव, की जणू कुणी कंपासने आखून दिल्यात. वर चंदेरी पापुद्रा, जुन्या भिंतीचा चुना सुटावा तसा. डावीकडे जेवढा चट्टा, उजवीकडेही जवळपास तेवढाच. भावाभावांत इतकी सारखी वाटणी मी त्यांच्या घराण्यात दुसऱ्या कशाची झालेली पाहिली नाही. कुणी त्याकडे टक लावून पाहिलं की साडू बाही आणखी वर सरकवायचे. "यो रोग नाय, साडूभाऊ. यो मीठ हाय. माझा आज्या खाडीवरच्या मिठागरात राबला, बापूस राबला. त्यांच्या रक्तात मीठ मुरला, तो आता आमच्यात उतरतो. तुमच्या घरान्यात कोन गेलता मिठागरात?" आमच्या घराण्यात सगळे भातशेतीत गेले होते, आणि चिखल आंघोळीने निघतो, त्यामुळे मी बिनवारशाचा ठरलो. खुद्द साडूंनी मिठागर पाहिलं ते गाडीच्या खिडकीतून. नोकरी एका कारखान्यात टाइमकीपरची, तीही पंख्याखाली. मीठ म्हणून त्यांनी कधी उचललं असेल तर वाण्याकडून, पिशवीत. पण हॉलमध्ये आजोबांचा लंगोटीतला फोटो होता, आणि येणाऱ्या प्रत्येकाला साडू त्याच्यासमोर उभं करायचे. "कोपर बघा. दिसला मीठ?" फोटो जुना, काळा-पांढरा, ओल लागलेला. त्यात आजोबांच्या शेजारी उभ्या असलेल्या म्हशीच्या अंगावरही मला मीठ दिसायचं.

त्यात या माणसाला शौक काळ्या कपड्यांचा. काळा शर्ट, काळी सफारी, आणि खांद्यांवर बारमाही बर्फ. याला ते कोंडा म्हणत, कारण डोक्यात मीठ असणं त्यांनाही जरा कमीपणाचं वाटत असावं. पण कोंडा बिचारा केसांत राहतो. हा केसांची हद्द ओलांडून कपाळावर आणि दोन्ही कानांमागे उतरला होता, बिल्डरने कुंपण हळूहळू नाल्यापर्यंत न्यावं तसा. एकदा त्यांच्यासोबत उल्हासनगरच्या बाजारात काळा कोट घ्यायला गेलो. दुकानदार सिंधी, अनुभवी. त्याने कोट चढवला, मागून खांदे झटकले, आपल्या हाताकडे पाहिलं आणि म्हणाला, "साईं, कोट तो ब्लॅक ही दूँगा, पर पहले सर किसी डॉक्टर को दिखाओ. मेरा माल सफेद हो रहा है." साडूंनी कोट तिथेच टाकला. दुकानाबाहेर आल्यावर मला म्हणाले, "कपऱ्याची मानसा ही. यांना मिठातला काय कळतंय?" मी म्हणालो, "दादा, त्याला कपड्यावर काय पडतंय ते तरी कळलं." त्यानंतर विठ्ठलवाडीपर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत. त्या रिक्षाप्रवासाइतकी शांतता मला त्यांच्या सहवासात पुन्हा लाभली नाही.

घरात त्यांची एक खास चौकट होती, हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामधली. तिला ते पाठ घासत उभे राहायचे, गाय खांबाला घासते तसे. सागवानी लाकूड तिथे वाटीसारखं गुळगुळीत झालं होतं. ते बाजूला झाले की ताई, म्हणजे माझी मेव्हणी, मुकाट्याने केरसुणी घेऊन यायची. पापुद्रा खरवडला की खाली रक्ताचे टाचणीएवढे ठिपके दिसायचे. तेही ते कौतुकाने दाखवायचे. गावच्या जमिनीच्या मोजणीच्या दिवशी तारेच्या कुंपणावरून उडी मारण्याचा पराक्रम करताना त्यांची पोटरी खरचटली. जखम भरली, आणि काही दिवसांनी नेमक्या त्याच ओरखड्याच्या रेषेवर चट्टे उगवले. साडू खूश. "बघा, हद्द कायम झाली!" नखांवर शिंप्याच्या अंगुस्तान्यासारखे बारीक खड्डे, दोन नखं तर पिवळी पडून टोकाकडून उचललेली. थंडीत सगळं तडकायचं, उन्हाळ्यात कमी व्हायचं. म्हणून गच्चीवर ते लुंगी लावून उन्हात उताणे पडायचे, आणि भोवतालच्या सात मजली इमारतींतल्या बायका खिडक्या लावून घ्यायच्या. "ऊन लागला का मीठ पिकतो, नि पिकला का आपोआप गलतो." चूक असली तरी थियरी पक्की होती. सकाळी मात्र ते चहाचा कप दोन्ही हातांनी धरायचे. बोटं आखडलेली असायची. विचारलं तर म्हणायचे, "थंडी हाय." मे महिन्यात.

मी फोनवर वाचून 'सोरायसिस' असं नाव शोधून काढलं. कोपर, गुडघे, डोकं, नखं, ओरखड्यावर उगवणं, सगळं जुळत होतं. वाचता वाचता निम्मी लक्षणं मला माझ्याही अंगावर दिसायला लागली, तो भाग वेगळा. साडूंनी ते नाव ऐकून घेतलं आणि म्हणाले, "रोगाचा नाव तरी मराठी आना." मी चिडलो. म्हणालो, "मीठ आहे ना? मग ताईला सांगा, आमटी अळणी ठेव. वाढताना हे वरून झटकतील." बायकोने टेबलाखालून मला लाथ मारली. साडू मात्र पोट धरून हसले. त्यांना टोमणा लागत नसे. टोमणा लागायला कातडी पातळ असावी लागते.

हे असंच चाललं असतं, पण मध्ये ओवी आली. ओवी ही साडूंची नात, मुलाची मुलगी, चौथीतली. आजोबांची शेपूट. फेब्रुवारीत तिचा घसा सुजला, ताप आला, गेला. आणि मग पोटावर, पाठीवर बारीक लाल ठिपके उठले, कुंकवाचं पाणी शिंपडल्यासारखे. आई म्हणाली, घामोळं. शेजारीण म्हणाली, नायटा. मेडिकलवाल्याने विचारल्याबरोबर एक ट्यूब काढून दिली. ती लावल्यावर चार दिवस बरं वाटलं, सोडल्यावर दुप्पट झालं. मग कोपरावर एक चट्टा आला आणि त्यावर पांढरी साय धरली.

ताईच्या घरी सत्यनारायण होता. मंडळी जमलेली, ओवी नवा फ्रॉक घालून सगळ्यांना प्रसाद वाटत होती. साडूंचं लक्ष तिच्या कोपराकडे गेलं. त्यांनी तिचा हात धरून वर केला, पाहुण्यांच्या पुढ्यात, कुस्ती जिंकलेल्या पैलवानाचा करतात तसा. "उतरला! पोराला सोडून थेट नातीत उतरला! आज्याचा मीठ!" त्यांचे डोळे भरून आले होते, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. पण पुढचंही पाहिलं. ओवीने ताट पुढे केलं, आणि समोरच्या बाईंचा आलेला हात मागे गेला. "राहू दे गं बाळा, मला शुगर आहे." त्यांच्या शेजारणीलाही शुगर निघाली. त्या रांगेतल्या एका सहा वर्षांच्या पोरालाही, त्याच्या आईच्या म्हणण्याप्रमाणे, गोड चालत नव्हतं. ओवीने ताट खाली ठेवलं, आत गेली, आणि लोकरीचा स्वेटर घालून बाहेर आली. तो तिने नंतर काढलाच नाही. बदलापूरचा एप्रिल, आणि पोर गळ्यापर्यंत चेन लावून. शाळेतही जाईना. परीक्षा तोंडावर आली होती.

आठवड्याभराने मला साडूंचा फोन आला. "साडूभाऊ, तुमाला डाक्टर लय ठावं हायेत ना?" या माणसाने मला आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या विषयातला तज्ज्ञ मानलं होतं, त्यामुळे मी जरा ताठून बसलो. मग साडू हळूच म्हणाले, "काल चौकटीपाशी आली माझ्या. म्हनते, आजोबा, मना नको तुमचा मीठ. परत घ्या."

माझ्या साध्या घामोळ्यासाठी मी ज्यांच्याकडे जाऊन आलोय, त्या अंबरनाथच्या स्किनच्या डॉक्टरबाईंकडे मी त्यांना घेऊन गेलो. ओवी, तिची आई, साडू आणि मार्गदर्शक म्हणून मी. ओवीने स्वेटरची चेन दोन्ही मुठींत धरलेली. डॉक्टरबाईंनी समजावलं, आईने समजावलं, दटावलं, मी तर चॉकलेटपर्यंत गेलो. पोर ढिम्म. तेव्हा साडू खुर्चीतून उठले आणि काळ्या शर्टाची बटणं सोडायला लागले. आखडलेल्या बोटांनी, सावकाश. "ओवी, आधी माझा बघू दे त्यांना. मंग तू ठरव." शर्ट काढला, बनियन काढली. जगाला दाखवायचे ते कोपर होते. पाठ त्यांनी कुणालाच दाखवली नव्हती. मानेपासून कमरेपर्यंत पाठ अशी राहिलीच नव्हती. नुसती लाल, तडकलेली जमीन. ताई रोज केरसुणीने काय गोळा करत होती ते मला तेव्हा समजलं.

डॉक्टरबाईंनी त्या पाठीवर सरळ हात ठेवला. ओवी पाहत होती. "तुम्हाला लागेल ना?" तिने विचारलं.

"नाही लागत. हात लावल्याने, ताटात जेवल्याने, काहीच होत नाही. हा एकाकडून दुसऱ्याला लागणारा आजारच नाही."

"प्रसाद घेतला तर?"

"तू देत असशील तर मी दोनदा घेईन."

ओवीने चेन खाली ओढली.

नाव मी सांगितलं होतं तेच निघालं, हे नमूद करतो, कारण घरात कुणी केलेलं नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, कातडी बदलायला जो वेळ लागायला हवा तेवढा ती घेत नाही, घाई करते, म्हणून थर साचतात. घसा बिघडल्यावर लहान मुलांना असे ठिपके उठू शकतात. खरवडायचं नाही, आणि दुसऱ्याच्या सांगण्यावरून ट्यूब आणायची नाही. इथे ओवीची आई जमिनीकडे बघायला लागली. मग साडूंना विचारलं, "काका, सकाळी बोटं आखडतात?"

"थंडी असली का जरा..."

"आजोबा, रोजच आखडतात," ओवी म्हणाली.

सांध्यांच्याही तपासण्या लिहिल्या गेल्या. शर्ट घालता घालता साडूंनी शेवटचा प्रयत्न केला. "पन घरान्यातून येतो, हे तर खरा ना?" डॉक्टरबाई म्हणाल्या, "घराण्यातून येऊ शकतो, ते बरोबर. मीठ, ते चूक." साडू माझ्याकडे वळले. "म्हंजे निम्मा बरोबर." परतीच्या वाटेवर त्यांनी हे निम्मं भेटेल त्याला सांगितलं.

पावसाळा संपेपर्यंत ओवीचे ठिपके गेले. पुन्हा आलेच तर लगेच या, असं बाईंनी सांगितलंय. साडूंचे चट्टे पार गेले नाहीत, पण पातळ झाले. खांद्यांवरचा बर्फ वितळला. कप ते एका हाताने धरतात. त्याऐवजी आता त्यांनी लोकांना धरायला सुरुवात केली आहे. लग्नात अक्षता टाकताना यांची नजर पुढच्या माणसाच्या कानामागे. "कोंडा नाय हा. नखा दाखव बघू. गुडघा? वर कर पँट." एका नवरदेवाच्या मामाला त्यांनी हारतुऱ्याच्या वेळी अर्धा नागवा केला होता. डॉक्टरबाईंकडे ही माणसं माझं नाव सांगून जातात, त्यामुळे आता माझा नंबर शेवटी लागतो.

दसऱ्याच्या आधी कात्रपच्या बंगल्याला रंग काढला होता. मी गेलो तेव्हा हॉल रिकामा, फोटो उतरवलेले. आजोबांचा फोटो हातात घेऊन साडू चौकटीपाशी उभे होते. त्याच जागी, पण पाठ न घासता. रंगारी विचारत होता, "सेठ, ये घिसा हुआ भर दूँ?" साडूंना ऐकू आलं नाही.

"आमच्या गावच्या घरात पुढल्या पडवीला मेढ व्हती, लाकराचा खांब," फोटोकडेच बघत ते म्हणाले. "आज्या दुपारचा येऊन तिला पाठ घासायचा. आमी पोरा हसायचो. म्हनायचो, आज्या मीठ पिकवतोय. तो पन हसायचा आमच्यासंगती."

मला मिठावरून एक टोमणा सुचला होता. तो तोंडातच राहिला.

"त्याला खाजत व्हता रं, साडूभाऊ," साडू म्हणाले.

तेवढ्यात ओवी आली, बिनबाह्यांच्या फ्रॉकमध्ये, हातात मलम. "आजोबा, पाठ." साडू फोटो मांडीवर घेऊन खाली बसले, शर्ट वर केला, आणि जिथे त्यांचा स्वतःचा हात पोचत नाही तिथे ती दोन बोटांनी हळूहळू मलम लावू लागली.