होदिगेरेला घेतलेला स्वल्पविराम

नव्वदच्या दशकातली एक सकाळ आज पुन्हा डोळ्यांसमोर आली… आमच्या कावेरीला बघायला पुण्याहून मुलाचे वडील बेंगळूरला आले होते. मुलगा मागाहून येणार होता. मुलगी त्यांना आवडली, पण एका ठिकाणी घोडं अडलं. "मराठीच बोलते हो, पण ऐकायला कानडी वाटते!"

आमचे पूर्वज शहाजीराजांबरोबर इकडे आले आणि इकडचेच झाले. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड. ते बोलणं मला लागलं… पण मुलीचा बाप, हसून कॉफी पुढे केली.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांनाच होदिगेरेला शहाजीराजांच्या समाधीला जायची हौस आली. पहाटे घराजवळच्या यशवंतपूरहून गाडी केली, तिथे पोचेपर्यंत उन्हं चांगलीच वर आली होती. साधी दगडी समाधी… वर मोकळं आभाळ. ज्यांनी आमचं बेंगळूर थाटात नांदवलं, ते शिवरायांचे वडील इथे इतके शांत निजलेले!

पाहुण्यांना भरून आलं. हात जोडून त्यांनी शाळेतली शिवरायांवरची कविता सुरू केली. आवाज खणखणीत, पण वेग असा की जणू कुणी मागे लागलंय… दुसऱ्या कडव्यात धाप लागली आणि पुढची ओळच हरवली.

"काका, स्वल्प थांबा," कावेरी म्हणाली.

"थोडं म्हणायचं, तर स्वल्प! हेच ते तुमचं कानडी," ते हसले.

"तिथे स्वल्पविराम आहे, काका. तो तर तुमच्याच पुस्तकातला ना?"

मला वाटलं, झालं… जमत आलेलं फिसकटलं! पण तिनं शांतपणे पुढची ओळ उचलली आणि कविता शेवटपर्यंत म्हटली. मराठी शाळेची पायरीही न चढलेली माझी पोर! लहानपणी मांडीवर घेऊन मी म्हणायचो त्याच चालीत, आमच्या बेंगळूरी हेलात…

पाहुण्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. "आमच्या चिरंजिवांना यातलं एक कडवं येत नाही हो," म्हणाले. आणि तिथेच, राजांसमोर, त्यांनी होकार देऊन टाकला.

मी "सरी, सरी… बरं, बरं" म्हणत हात जोडणार, तोच कावेरी म्हणाली, "अण्णा, त्यांचा होकार झाला. माझा, मुलाशी बोलून मग सांगते."

पाहुणे बघतच राहिले… आणि मी राजांपुढे डोकं टेकवलं. वाकलेलो होतो, पण इतकं ताठ मला पुन्हा कधी वाटलं नाही.