सलीमभाईंचं रविवार मंडळ

सलीमभाई दुकानांच्या पाट्या रंगवायचे. माणसाकडे मात्र इतका वेळ पाहायचे, की समोरचा अवघडून जायचा. मी बदली होऊन अंजनगाव सुर्जीच्या पोस्टात आले, तेव्हा खिडकीशी उभं राहून त्यांनी मला तसंच पाहिलं आणि विचारलं, "ताई, एकट्याच राहता काय? रविवारी चित्रं काढाले या."

बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या शेडमध्ये त्यांनी नुकतंच चित्रमंडळ सुरू केलं होतं. आम्ही सहा जण. पाळीपाळीनं एकानं स्टुलावर बसायचं, बाकीच्यांनी त्याला काढायचं. फोटोवरून काढलेलं त्यांना चालत नसे. "समोरच्याले नीट पाहा," म्हणायचे, "हात मंग आपोआप चालते." आठवड्यातून दोन तास कोणीतरी आपल्याकडे पाहतं, एवढ्यासाठीच मी जात असे.

ती वर्षं वाईट होती. तालुक्यातून शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या सारख्या बातम्या येत. आमच्यातला देविदास पानमळा करायचा, बोलायचा कमी. एका बुधवारी त्यानं मळ्यातच जीव दिला. त्याआधीच्या रविवारी स्टुलावर तोच बसला होता.

सलीमभाईंनी आम्ही काढलेली त्याची चित्रं जमिनीवर मांडली आणि एकेक निरखत राहिले. "दोन तास पायलं मी त्याले," ते म्हणाले. "मले काहीच दिसलं नाई, ताई."

पुढं देविदासची बायको चित्र मागायला आली. त्यांनी सगळीच तिच्यापुढे ठेवली आणि तेच तिलाही सांगितलं. तिनं त्यातलं एक उचललं. मग म्हणाली, "मी तं घरातच होती, भाऊ. मले तरी कुठं दिसलं?"

त्यानंतर स्टुलावर बसायला कोणी धजेना. एकेक जण यायचा थांबला. मीही थांबले, मग अकोल्याला बदली करून घेतली.

चार वर्षांनी सलीमभाई गेल्याचं कळलं, तेही आठवडा उलटल्यावर. मी अंजनगावला गेले. सलीमभाईंच्या घरी भाभींनी चहा केला.

"शेवटच्या रविवारपर्यंत शेड उघडाले गेले," त्या म्हणाल्या. "मी विचारो, कोन कोन आलं होतं? तं म्हनत, सारेच. तुमचंबी नाव घेत. ताईचा हात आता चांगला बसला म्हनत."

मी कप खाली ठेवला.

"हो," म्हटलं, "त्यांनीच शिकवलं."

मी चार वर्षांपासून अकोल्यात आहे, हे मी त्यांना सांगितलं नाही.