युरोप, चार कुलपं आणि पोलादपूरची हळद

आमच्या ह्यांना युरोपचं बोलावणं आलं, ते महाडहून. तिथल्या एका कॉलेजात ‘युरोपचं एकीकरण आणि सामान्य नागरिक’ या विषयावर व्याख्यान होतं. हे राज्यशास्त्र शिकवतात. युरोपात एकदाही गेलेले नाहीत, पण बोलायला लागले की ऐकणाऱ्याला परत यायला उशीर होतो. मी सोबत निघाले ती आंबेनळी घाट बघायला, उगीच गैरसमज नको.

पुण्याहून ताम्हिणीमार्गे माणगाव आणि पुढे महामार्गाने महाड. पहाटेच निघा, नाहीतर माणगावच्या गर्दीतच सगळा डबा संपतो. दासगावला सावित्री नदी दिसली, मी म्हटलं थांबा. हे म्हणाले, येताना थांबू. येताना आम्ही महाबळेश्वरवरून जाणार होतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

महाडला स्टँडजवळ मासळीचं ताट घ्या. दोघांचं पाचशेच्या आतबाहेर होतं आणि सोलकढी पुन्हा मागितली तर कुणी तोंड वाकडं करत नाही. व्याख्यानाला हॉल खच्चून भरलेला! हे हरखले. मागाहून कळलं, हजेरी सक्तीची होती. नागरिकांच्या सहभागाचं महत्त्व सांगून होईस्तोवर दाराला बाहेरून कडी होती.

तसं भाषण बरं झालं. युद्धात होरपळलेल्या देशांनी आधी कोळसा आणि पोलाद एकत्र केलं, म्हणजे एकट्याला शस्त्रं करता येऊ नयेत. मग बाजार एक झाला, बऱ्याच जणांचं चलन एक झालं. लोकांना मात्र वाटू लागलं की आपलं सगळं दूर ब्रुसेल्सला ठरतं. फ्रान्स आणि नेदरलँड्सच्या जनतेनं युरोपच्या संविधानाला नाही म्हटलं, तर त्यातलं बरंचसं दुसऱ्या नावाच्या करारातून आलं. आयर्लंडनं त्या कराराला नाही म्हटलं, तर त्यांना पुन्हा विचारलं.

ह्यांचा जुना विद्यार्थी संदेश पहिल्या रांगेत होता. म्हणाला, सर, हे तर आमच्या वाडीचं चाललंय. दुसऱ्या दिवशी त्याच्या बहिणीची हळद होती, तिथंच चला म्हणाला.

पोलादपूरला महामार्ग सोडून आंबेनळीच्या रस्त्याला लागलं की थोड्या अंतरावर वाडीचा फाटा आहे. पुढे चढ खडा आहे, लहान गाडी असेल तर खालीच ठेवा. वरची, मधली आणि खालची अशा तीन वाड्या पूर्वी एकमेकींच्या लग्नात मारामाऱ्या करायच्या. मग शहाण्या म्हाताऱ्यांनी तिघींचे लग्नातले टोप, पातेली, झारे एका खोलीत ठेवले आणि दाराला तीन कुलपं लावली. प्रत्येक वाडीकडे एक किल्ली. म्हणजे दोघींशी भांडून तिसरीला पंगत घालता येऊ नये. ह्यांचे डोळे पाणावले हो! कोळसा आणि पोलाद, म्हणाले.

चौथं कुलूप मुंबईच्या मंडळानं, म्हणजे तिकडे नोकरीला गेलेल्या वाडीकरांनी, लावलं होतं. किल्ली नालासोपाऱ्यात. यापुढे प्रत्येक कार्याची परवानगी मुंबईहून घ्यायची, असा मंडळाचा ठराव होता. खालच्या वाडीनं तो दोनदा पाडला. मंडळ म्हणालं, हरकत नाही, हो म्हणेपर्यंत विचारू, तोवर खोली बंद. आणि मध्ये अडकली ती संदेशची आई, सुनंदाकाकी. संध्याकाळी तीन वाड्या जेवायला येणार आणि घरात सगळ्यात मोठं पातेलं दहा माणसांचं.

सकाळी देवळात तिन्ही वाड्यांच्या गावकीची बैठक भरली. पुरुष आत, बायका पायरीवर, मी पाहुणी म्हणून उंबऱ्यावर. मतं माणसागणिक नाहीत, चुलीगणिक. प्रत्येक चुलीमागे एक हात, आणि हात पुरुषाचा. काकींचे यजमान अजून नालासोपाऱ्यातच होते, सुट्टी नाही म्हणून संध्याकाळच्या गाडीनं निघणार होते, तेव्हा त्यांचा हात मोबाइलच्या पडद्यावर वर झाला. ठरावाच्या बाजूनं! ते मंडळाचे उपखजिनदार. तरी ठराव तिसऱ्यांदा पडला आणि खोली बंदच राहिली.

कुणीतरी ह्यांना विचारलं, युरोपात अशा वेळी काय करतात? हे उठले आणि सविस्तर सांगू लागले. काकींनी मध्येच तोडलं.

“त्यांच्यात बायकांना इचारतात का वो?”

“विचारतात तर! मतदान करतात त्या.”

“मग माझी चूल मी पेटवतंय, नि हात नालासोपाऱ्यातून कसा वर होतो?”

सगळे देवाकडे बघू लागले. अध्यक्ष म्हणाले, हा विषय पत्रिकेवर नाही.

काकी उठल्या आणि पायरीवरच्या बायकांशी काहीतरी बोलल्या. दुपारपर्यंत तिन्ही वाड्यांत घरोघरी मटण शिजत होतं, तांदळाच्या भाकऱ्या थापल्या जात होत्या. मीही थापल्या, दोन फाटल्या, त्या ह्यांना वाढल्या. संध्याकाळी मांडवात घरोघरची पातेली आली. प्रत्येकीचा मसाला निराळा, काही रस्से असे जहाल की बोलायची सोय नाही. नवरी खुशीत होती. ठरावाला हात वर केलेले सगळे पोटभर जेवले, पुन्हा वाढून घेतलं आणि एकोप्याबद्दल मंडळाचे आभार मानले. मला असा राग आला म्हणून सांगू!

दुसऱ्या दिवशी घाटानं परतलो. आंबेनळी सुंदर आहे, जा जरूर, पावसाळ्यात मात्र दरडींची चौकशी करूनच. पण घरी आल्यावर घाटाचे फोटो कुणाला दाखवावेसे वाटेनात. भाकऱ्या थापताना काकी म्हणाल्या होत्या, पोरीच्या सासरी पण असंच असणार, मला तिच्या वयात कुणी सांगितलं नाही, तिला तरी सांगायला हवं. ते डोक्यातून जाईना.

हे आता भाषणात वाडीचं उदाहरण देतात, विद्वत्तापूर्ण शब्दांत. काकींचं नाव घेत नाहीत, ‘स्थानिक घटक’ म्हणतात.

परवा काकींचाच फोन आला. बैठक पुन्हा भरली होती, ठराव तोच. यजमानांचा हात पडद्यावर वर जायच्या आत काकींनी पायरीवरून उठून आत जाऊन फोन बंद केला आणि स्वतःचा हात वर केला. ठराव नको म्हणून.

“मोजला का?” मी विचारलं.

“अजून नाय. मी पण खाली केला नाय. माझा बघून बाकीच्या बायकांनी पण वर केले. बैठक उठली, पुरुषमाणसं घरी गेली, नि आम्ही बायका तशाच बसून राहिलो, हात वर.”